गव्हातली ती वर्तुळं: पडलेल्या पिकावरून काय ओळखता येतं, काय नाही

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी एकात एक गुंतल्या आहेत, त्या आधी सुट्या करतो. पहिली, इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यातल्या क्रॉप सर्कलांवरच्या, म्हणजे उभं पीक आडवं पाडून उमटलेल्या नक्ष्यांवरच्या, व्हिडिओतला दावा: काड्या मोडलेल्या नसतात, नुसत्या वाकलेल्या असतात, गाठी लांबलेल्या आणि फुटलेल्या असतात, म्हणजे हे माणसाचं काम नाही. दुसरी, 409 वर्तुळांची नक्षी एका रात्रीत कशी होईल. आणि तिसरी, जी तुम्ही शेवटी एका ओळीत उरकली आहे पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: निफाडजवळ मामांच्या गव्हात अवकाळी पावसानंतर एक गोलसर भाग आडवा झालाय, तो कशाने झाला हे कसं ओळखायचं?

पडलेलं पीक पाहून ते कशाने पडलं हे ठरवणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे उत्तर त्याच अंगाने देतो.

माणूस अशी वर्तुळं करू शकतो का, हा वाद 1991 च्या सप्टेंबरात मिटला. साउदॅम्प्टनच्या डग बॉवर आणि डेव्ह चोर्ली या दोन मित्रांनी 'टुडे' या वर्तमानपत्राला सांगितलं की सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून ते फळी आणि दोरी घेऊन हा उद्योग करत आहेत. नुसतं सांगून थांबले नाहीत. त्यांनी केलेलं एक वर्तुळ तेव्हाचे नावाजलेले अभ्यासक पॅट डेलगाडो यांना दाखवण्यात आलं, त्यांनी ते अस्सल ठरवलं आणि मग खरं काय ते त्यांना सांगितलं गेलं. 1992 साली या जोडगोळीला इग नोबेल हे नोबेलच्या धर्तीवरचं गमतीचं पारितोषिकही मिळालं. तेव्हा उरलेला प्रश्न वेगळा आहे: समोरच्या एका ठरावीक आकृतीतल्या काड्या तपासून ती कोणी किंवा कशाने केली हे सांगता येतं का? कधी येतं, कधी येत नाही. पीक कोणत्या अवस्थेत होतं, जमीन ओली होती का, तुम्ही किती तासांनी पोचलात आणि तुमच्या आधी किती जण तुडवून गेले, यावर ते ठरतं. चौथी गोष्ट सर्वांत जास्त पुरावा खाते.

काडी मोडत नाही, वाकते

व्हिडिओवाल्यांचं निरीक्षण खरं आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

इंग्लंडमध्ये या आकृत्यांचा हंगाम पिकांच्या क्रमाने चालतो. एप्रिल-मेमध्ये मोहरीच्या कुळातलं पिवळं रेपसीड, त्यानंतर बार्ली, आणि जूनपासून ऑगस्टमधल्या कापणीपर्यंत गहू. जूनमधली हिरवी काडी पाण्याने भरलेली आणि लवचीक असते. तिला बुंध्याशी, जमिनीपासून दोन-चार सेंटीमीटरवर, हळू आणि सपाट दाब दिला की ती तिथून कलंडते, तुटत नाही. हे काम फळी चांगलं करते, कारण वजन एका टाचेवर न येता मीटरभर लांबीवर पसरतं. तेच ऑगस्टमध्ये पिवळ्या पडलेल्या गव्हात करून पाहा: काडी कटकन मोडते आणि ओंबीतून दाणेही सांडतात. म्हणजे काडी वाकली की मोडली यावरून फार तर महिना कळेल, करणारा कळणार नाही.

आता गाठी. गवतवर्गीय पिकांत, म्हणजे गहू, बार्ली, ज्वारी, ऊस यांत, काडीच्या प्रत्येक गाठीपाशी एक फुगीर भाग असतो. काडी आडवी झाली की गुरुत्वाकर्षणाच्या दिशेचा बदल या भागाला कळतो आणि जमिनीकडच्या बाजूच्या पेशी लांबायला लागतात. वरची बाजू तशीच राहते. परिणामी गाठ एका बाजूने लांब होते, काडीला कोन येतो आणि शेंडा पुन्हा वर वळतो. कोल्हापूर-सांगलीकडे लोळलेला उसाचा फड पाहिला असेल तर शेंड्याकडची पेरं आभाळाकडे वळलेली तुम्ही पाहिलीच असतील. तीच क्रिया. हिरव्या धान्यपिकात ती काही तासांत सुरू होते आणि एक-दोन दिवसांत डोळ्यांना स्पष्ट दिसते. खालच्या जुन्या गाठी कडक झालेल्या असल्याने फारशा हलत नाहीत, वरच्या कोवळ्या गाठी जास्त वळतात. पीक पिकलं की हे सगळं थांबतं.

म्हणून 'गाठी लांबलेल्या' हे कुठल्याही आडव्या पडलेल्या हिरव्या पिकात सापडतंच. वाऱ्याने पाडलेलं असो, डुकराने लोळवलेलं असो, नाहीतर फळीने दाबलेलं असो.

हा मुद्दा शास्त्रीय नियतकालिकात कसा पोचला तेही सांगतो, कारण तुमच्या व्हिडिओत त्याचाच हवाला असणार. अमेरिकेतले जीवभौतिकशास्त्रज्ञ डब्ल्यू. सी. लेव्हनगुड यांनी 1994 मध्ये 'फिजिओलॉजिया प्लँटॅरम'मध्ये एक लेख लिहिला. आकृतीतल्या रोपांच्या गाठी लांबलेल्या आहेत, काहींना भोकं पडली आहेत, आणि हे अचानक तापण्याने, सूक्ष्मलहरींसारख्या (मायक्रोवेव्ह) ऊर्जेने झालं असावं, असं त्यांचं म्हणणं. मोजमापं केली होती, तक्तेही होते. घोळ तुलनेत होता. आडव्या रोपांची तुलना त्याच शेतातल्या उभ्या रोपांशी केली होती. उभ्या रोपाला वळायचं कारणच नसतं, त्यामुळे फरक येणारच! तुलना करायला हवी ती माणसाने मुद्दाम, त्याच शेतात, त्याच रात्री दाबलेल्या पिकाशी. शिवाय नमुन्यांना नुसते क्रमांक देऊन, कोणता नमुना कुठला हे मोजणाऱ्याला न सांगता. टीकाकारांनी, विशेषतः गूढ दाव्यांची तपासणी करणारे जो निकेल यांनी, नेमकं यावरच बोट ठेवलं: कोणती आकृती 'अस्सल' हे आधीच धरून चालल्यावर तपासणीत उरतं काय?

तापण्याची कल्पना शेतकऱ्याच्या हिशेबानेही टिकत नाही. भरलेल्या हिरव्या गव्हात एका चौरस मीटरवर ढोबळमानाने चार किलो पाणी धरा. ते 15 अंशांवरून 100 अंशांवर न्यायला साधारण 1400 किलोज्यूल, म्हणजे 0.4 युनिट वीज लागते. अर्ध्या हेक्टरच्या आकृतीला 2000 युनिट. ती दहा सेकंदांत द्यायची तर सातशे मेगावॉट, म्हणजे औष्णिक वीजकेंद्राचा एक मोठा संच, त्या दहा सेकंदांसाठी पूर्ण त्याच वावरात ओतायचा. बरं, ऊर्जा फक्त गाठींतच गेली असं कोणी म्हणेल, तर अडचण आणखी वाढते. वनस्पतीची पेशी पन्नास-साठ अंशांच्या पुढे मरते, आणि मेलेली गाठ लांबत नाही, वळतही नाही. गाठ वाफेने फुटली आणि तीच गाठ दुसऱ्या दिवशी शेंडा वर उचलते, हे दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. चिरलेल्या गाठी पडलेल्या पिकात एरवीही सापडतात: वाकताना येणारा ताण, वरून बसलेला मार, कीड, कारणं काही कमी नाहीत.

एका रात्रीचं गणित

साधनं अगदी किरकोळ आहेत. चार फुटी फळी, तिच्या दोन्ही टोकांना भोकं पाडून ओवलेली दोरी, म्हणजे फळी पायाखाली आणि दोरी हातात. तीस किंवा पन्नास मीटरचा मोजणीचा टेप. दोन-चार बांबू. मोठ्या भागासाठी काही जण बागेतला हलका रोलर वापरतात. बॉवर आणि चोर्ली यांनी टोपीच्या पुढे तारेचं कडं लटकवलं होतं. त्या कड्यातून लांबचा एखादा दिवा किंवा झाड नेमात धरून चाललं की अंधारातही रेघ सरळ येते.

शेतात शिरायचं कसं? विल्टशायरच्या गव्हात फवारणीच्या ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पेरणीपासूनच मोकळ्या सोडलेल्या असतात. त्यांना ट्रॅमलाइन म्हणतात. दोन चाकोऱ्यांची एक जोडी, आणि पुढची जोडी फवारणीच्या दांड्याच्या रुंदीइतकी लांब, म्हणजे 12, 24 किंवा त्याहून जास्त मीटरवर. चाकोरीतून गेलं तर उभ्या पिकाला धक्का लागत नाही. 'आत जाणाऱ्या पाऊलखुणाच नाहीत' हे व्हिडिओतलं ठेवणीतलं वाक्य इथेच निकालात निघतं. वर या समांतर चाकोऱ्या मोजणी करणाऱ्याला आयत्या आखलेल्या कागदासारख्या मिळतात.

काम असं चालतं. एक जण केंद्रावर टेपचं टोक धरून उभा राहतो. दुसरा टेप ताणून, पाय घासत, वीतभर रुंदीची गोल वाट पाडतो. ही झाली आखणी. सहा भाग हवे असतील तर त्रिज्येएवढंच अंतर परिघावर सहा वेळा टाकायचं, शाळेत कंपासने पाकळ्या काढतो तसं. आखणी पूर्ण झाल्यावर फळीवाले आत उतरतात आणि कडेकडेने फिरत दाबत जातात. काड्या कोणत्या दिशेला निजवायच्या हे आधी ठरलेलं असतं, कारण वरून दिसणारी छटा त्या दिशेवरच ठरते.

चुका कुठे होतात तेही ऐका. केंद्रावरचा माणूस अर्धं पाऊल सरकला की कडी विषम होते. टेप ओंब्यांच्या वर धरून ताणला नाही तर पिकात अडकतो आणि त्रिज्या कमी पडते. उतारावर टेप जमिनीला समांतर धरला जातो, त्यामुळे दहा अंशांच्या उतारावर 30 मीटरचं वर्तुळ वरून पाहताना एका दिशेला 29.5 मीटरच भरतं. जमीन ओली असेल तर फळीच्या कडेखाली माती चेपते, बुटांना चिकटते आणि ती सगळ्या काड्यांना लागते. आणि दमलेला माणूस शेवटच्या तासात फळीऐवजी बुटाने दाबतो. ते दिवसा लगेच ओळखू येतं.

वेग किती? 1.2 मीटरची फळी, प्रत्येक पावलाला 40 सेंटीमीटर पुढे, म्हणजे पावलामागे अर्धा चौरस मीटर. दोन सेकंदाला एक पाऊल, मध्ये दम खायला थांबणं धरून, माणशी मिनिटाला दहा चौरस मीटर सहज होतं. 30 मीटर व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ 707 चौरस मीटर. एकट्याला सत्तर मिनिटं, चौघांना वीस मिनिटांच्या आत.

आता तुमची 409 वर्तुळं. ती 2001 च्या ऑगस्टमध्ये विल्टशायरमधल्या मिल्क हिलवर दिसली, सहा हातांची भोवऱ्यासारखी आकृती, साधारण 240 मीटर रुंद. त्या अक्षांशावर ऑगस्टच्या मध्याला गडद अंधार साडेसहा तासांच्या आसपास मिळतो, जूनअखेरीस तर जेमतेम चार. दहा जणांची टोळी आणि सहा तास धरले तर माणशी 41 वर्तुळं, एकेका वर्तुळाला पावणेनऊ मिनिटं. 3 मीटरच्या वर्तुळाला दाबायला मिनिटभरही लागत नाही, 10 मीटरच्याला आठ मिनिटं. बरीचशी वर्तुळं लहान होती. खरी कसोटी दाबण्याची नाही, आखणीची आहे: एवढी केंद्रं अंधारात बरोबर जागी टाकायला तयारी चोख लागते. गणित ताणून बसतं, पण बसतं. ते कोणी केलं हे यावरून सिद्ध होत नाही. 'अशक्य' म्हणायला मात्र जागा राहत नाही.

याच जातीचा दुसरा दावा स्टोनहेंज या प्राचीन शिळावर्तुळाशेजारच्या 1996 च्या आकृतीचा आहे. ए-303 या हमरस्त्याच्या पलीकडे 151 वर्तुळांचा ज्यूलिया संच (गणितातली एक वळणदार आकृती), आणि वैमानिकाने आधीच्या फेरीत पाहिला नाही म्हणून भर दिवसा पाऊण तासात उमटला असं पसरलं. पुढे वर्तुळं करणाऱ्यांच्या गोटातून सांगण्यात आलं की ते तिघांनी आदल्या रात्रीच केलं होतं. पंचनाम्यात आम्ही 'दिसलं नाही' आणि 'नव्हतं' हे वेगळं लिहितो, कारण विमानातून पाहणाऱ्याचं लक्ष, उन्हाचा कोन आणि जमिनीचा उतार, तिन्ही जुळल्याशिवाय दबलेलं पीक नजरेत भरत नाही. त्या शेतकऱ्याने मग प्रवेश फी लावली, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. अशा शेताचं मोठं नुकसान नंतर येणारे बघे करतात.

वादाचा इतिहास, जरुरीपुरता

व्हिडिओत बहुतेक 1678 चं हर्टफर्डशायरचं पत्रक दाखवलं असेल, ज्यात सैतान गोलाकार पीक कापतोय. मूळ मजकुरात पीक कापलेलं आहे, वाकवलेलं नाही. गोष्ट मजुरीच्या भांडणाची आहे: मजुराने सांगितलेला दर शेतकऱ्याला परवडेना, तेव्हा तुझ्यापेक्षा सैतानाने कापलेलं बरं, असं तो बोलून गेला. 1880 मध्ये 'नेचर'ला सरेमधल्या जॉन रँड कॅप्रन यांचं पत्र आलं होतं, वादळानंतर गव्हात गोल भाग पडल्याचं. ते मी अगदी खरं मानतो. वादळात असं होतं.

आधुनिक प्रकरणाची ठिणगी इंग्लंडबाहेरची आहे. जानेवारी 1966 मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या टुलीजवळच्या पाणथळीत लव्हाळ्याचा सुमारे नऊ मीटरचा गोल आडवा पडलेला सापडला आणि उडत्या तबकडीचं घरटं म्हणून गाजला. बॉवर काही वर्षं ऑस्ट्रेलियात राहिला होता, ती बातमी त्याच्या डोक्यात होती. इंग्लंडमध्ये आधी साधी वर्तुळं आली, मग एका मोठ्याभोवती चार लहान आणि वर्तुळांभोवती कडी. हवामानशास्त्रज्ञ टेरेन्स मीडन म्हणाले, हे हवेच्या विद्युतभारित भोवऱ्याचं काम. साध्या वर्तुळापुरतं ते मूर्खपणाचं नव्हतं. पण आकृत्यांत सरळ रेघा आणि चौकोन आल्यावर भोवऱ्याला काय करायला लावायचं? 1990 च्या जुलैत विल्टशायरमधल्या ऑल्टन बार्न्सला लांबलचक चित्रलिपी उमटली. त्याच महिन्यात ब्रॅटनजवळ कॅमेरे लावून पहारा देणाऱ्या पथकाने मोठा शोध लागल्याचं जाहीर केलं, आणि आकृतीत सापडला काय तर ज्योतिषाचा बोर्ड गेम आणि लाकडी क्रॉस.

1992 मध्ये वेस्ट विकम इथे तर वर्तुळं करण्याची जाहीर स्पर्धाच झाली. 2008 च्या जूनमध्ये विल्टशायरमधल्या बारबरी कॅसलला गणितातल्या पायची (π) किंमत दाखवणारी आकृती आली: वर्तुळाचे 36 अंशांचे दहा भाग, आणि प्रत्येक टप्पा जितके भाग व्यापतो तो एक अंक. केंद्राजवळचं छोटं वर्तुळ हा दशांशचिन्ह. आकडा निघतो 3.141592654. π मध्ये 3.14159265 नंतरचे अंक 3589 असे आहेत, म्हणजे शेवटचा 4 हा पूर्णांकित करून घेतलाय, अगदी दहा अंकी कॅल्क्युलेटर दाखवतो तसा.

आकृत्यांची ही चढण मला गाठींपेक्षा मोठा पुरावा वाटते. निसर्गातली घटना दर दशकात लोकांच्या हातातल्या साधनांबरोबर गुंतागुंतीची होत जात नाही. जागेचंही तसंच: 2002 च्या इंग्लंडमधल्या आकृत्यांचा नकाशा मांडणाऱ्या जेरेमी नॉर्थकोट यांना त्या रस्त्यांच्या, वस्तीच्या आणि प्राचीन वास्तूंच्या जवळ जास्त आढळल्या.

आपल्याकडे हे लोण का आलं नाही, याचं कारण पिकात आहे. ठळक कड उमटायला दाट, एकसारखं उभं पीक लागतं. जिरायती ज्वारीच्या दोन ओळींत 45 सेंटीमीटर अंतर, ताट जाड. आकृती उठेलच कशी? गहू साऱ्यांत, मध्ये वरंबे. कोकणातली भातखाचरं बांधांनी तुटलेली. भातात हे होऊच शकत नाही असं मात्र समजू नका: जानेवारी 2011 मध्ये इंडोनेशियात योग्याकार्ताजवळ स्लेमानच्या भातशेतीत मोठी आकृती दिसली होती, आणि तिथल्या अंतराळ संस्थेने हे परग्रहवासीयांचं काम नाही असं सांगून टाकलं.

मामांचा गहू

आता कामाचं. शक्यतो चोवीस तासांत जा, सकाळी लवकर, ऊन तिरपं असताना. गुरं आणि बघे आत सोडू नका. पडलेल्या भागात शिरण्याआधी चारी बाजूंनी फोटो घ्या, जमल्यास शेजारच्या गच्चीवरून किंवा ट्रॉलीवर उभं राहून एक.

पहिली पाहायची ती कड. वाऱ्याने पडलेल्या पिकाला कड अशी नसतेच. पूर्ण आडवी रोपं, मग अर्धी कललेली, मग थोडी झुकलेली, असं मीटर-दीड मीटरमध्ये विरत जातं. ओंब्यांची तोंडं बहुतेक एकाच दिशेला असतात. फळीने किंवा पायाने पाडलेल्या भागाची कड वीतभरात संपते: एक रोप पूर्ण आडवं, त्याच्या शेजारचं ताठ.

मग पडलेल्या थरात हात घाला आणि तो हळूच उचला. सगळ्यात खाली असलेल्या काड्या आधी पडलेल्या. माणसाचं काम असेल तर तिथे वरच्या थराला आडवी जाणारी, पावलाच्या रुंदीची अरुंद वाट सापडते. ती आखणीची. हिरव्या काडीवर ठरावीक अंतराने, तीस-चाळीस सेंटीमीटरवर, आडवे चेपल्याचे डाग दिसतात का पाहा. ते ताजे असताना फिके असतात, दुसऱ्या दिवशी काळपट होतात. खालची ढेकळं सपाट चेपली आहेत की गोलाईसह शाबूत आहेत, तेही बघा.

तिसरं, दहा-बारा रोपं उपटा. मुळासकट सैल येत असतील आणि बुंधा मातीतच कलला असेल तर जमीन ओली होऊन मुळांनी पकड सोडली. मुळं घट्ट पण पहिल्या-दुसऱ्या पेरात काडी वाकली असेल तर काडी कमकुवत होती, म्हणजे नत्र जास्त किंवा दाटी जास्त. वरच्या गाठींचा कोन सांगतो की पडून किती वेळ झाला: सरळ असेल तर काही तास, स्पष्ट कोपर आलं असेल तर दिवस-दीड दिवस. पीक पिवळं पडलं असेल तर ही खूण सोडून द्या.

रानडुक्कर असेल तर शंका राहतच नाही. माती उकरलेली, ओंब्या चावून टाकलेल्या, आत यायच्या दोन-तीन वाटा. वावटळीचा पट्टा लांबट असतो, काड्या सगळीकडे गुंतलेल्या आणि बाहेरचा पालापाचोळा आत.

पण हे सगळं करण्याआधी मामांना दोन गोष्टी विचारा. पेरणीआधी शेणखताचे ढीग कुठे टाकले होते, आणि शेतात मेंढरं बसवली होती का? ढिगाखालच्या जागेत नत्र साठतं. तिथला गहू काळाभोर हिरवा, उंच आणि मऊ येतो, आणि अवकाळीच्या पहिल्या सरीला तोच आधी लोळतो. असे भाग गोलसर येतात, आणि ढीग ओळीने टाकले असतील तर एका रेषेत, सारख्या अंतरावरही! लांबून पाहणाऱ्याला नक्षी वाटावी इतके. पडलेल्या आणि उभ्या गव्हाची उंची मोजा. पडलेला वीतभर उंच आणि पानं गडद असतील तर उत्तर मिळालंच समजा. तुषार सिंचन असेल तर गळका नोझल हेही गोल भागाचं नेहमीचं कारण आहे.

तुम्ही लिहिलंय तसा 'गोलसर' भाग, पाऊस-वाऱ्यानंतर, एकाच शेतात: न पाहता पैज लावायची तर मी ढिगाच्या जागेवर लावेन.

पडलेला गहू हाताने उभा करायच्या किंवा पेंढ्या बांधायच्या भानगडीत पडू नका, काड्या मोडतात. हिरवा असेल तर वरच्या गाठी त्याला जमेल तितका उचलतील. जमीन वाफशावर येईपर्यंत पाणी देऊ नका आणि वारा असलेल्या दिवशी तर नकोच. कापणीच्या वेळी तो भाग वेगळा ठेवा. हार्वेस्टर असेल तर ओंब्या झुकल्यात त्याच्या उलट बाजूने, वेग कमी करून घालायला सांगा, नाहीतर तेवढा तुकडा विळ्याने काढा. त्याची मळणीही निराळी करा, कारण तिथला दाणा चिमलेला आणि जास्त ओला असतो, आणि तो बाकीच्या मालात मिसळला तर सगळ्याच मालाचा भाव उतरतो.